कमलच्या वहीतलं माझं बोलणं

सेलूला मावशीकडं मी गेले ती शिकायला म्हणून नव्हे, सोबत म्हणून. कमल ही मावशीची एकुलती एक मुलगी, माझ्याहून सहा महिन्यांनी मोठी. तिला शाळेत घालावं असं तिच्या वडलांच्या मनात आलं, पण मुलींची शाळा बाजाराच्या पलीकडं, वाटेत कापसाच्या गाड्यांची गर्दी, पोरीला एकटी धाडायची कशी, असा प्रश्न पडला. मावशीनं वालूरला निरोप धाडला, गोदीला पाठव, दोघी मिळून जातील. माझ्या वडलांनी, म्हणजे दादांनी, निरोप ऐकला, मायकडं पाहिलं आणि म्हणाले, "जाऊ द्या. चार अक्षरं शिकंल." मायनं माझ्या दोन परकरांचं गाठोडं बांधलं आणि वर धपाट्यांची चवड ठेवली. म्हणजे मी शिकले ते कमलच्या जिवावर. कमलची शाळा सुटली असती तर त्याच दिवशी माझीही सुटली असती, आणि हे मला कोणी सांगावं लागलं नव्हतं.

वालूरचं आमचं घर म्हणजे सदा गलका. दोन चुलते, चुलत्या, आम्ही सात पोरं, दारात बैलं, म्हशी. कोण कोणाला हाक मारतंय तेही कळायचं नाही, पण हाक मारली की कोणीतरी ओ द्यायचंच. सेलूला मावशीच्या घरात माणसं चार आणि बोलणारं कोणी नाही. मावसा, कमलचे आबा, तहसील कचेरीत अहलकार म्हणजे कारकून होते. निजामाचं राज्य, त्यामुळं दिवसभर उर्दूत अर्ज लिहायचे, उर्दूतच हाकिमांशी बोलायचे, आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत त्यांची मराठी जणू कुठंतरी वाटेत सांडून जायची. हातपाय धुवायचे, पाटावर बसायचे. वरण वाढायचं असलं की मावशी वाटी उचलून धरायची, नको असलं की ते हात आडवा करायचे. मावशी काशीबाई ही माझ्या मायची धाकटी बहीण, पण मायसारखी मुळीच नव्हती. कामाला वाघीण, तोंडाला कुलूप. पहाटे जात्यावर बसायची तरी ओवी नाही. नुसती जात्याची घरघर, मग भाकरी थापल्याचा आवाज, मग चुलीत काटकी मोडल्याचा. उन्हं वर आली की जिनिंगचा भोंगा व्हायचा आणि मग दिवसभर इंजिनाची धडधड. कापसाची म्हातारी उडत उडत अंगणात यायची, दोरीवरच्या लुगड्याला चिकटायची. मी ती एकेक वेचून काढायची. तेवढंच मला त्या घरात आपणहून करता येण्यासारखं काम होतं.

कोणी वाईट वागलं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. तसं काही नव्हतं. मला कमलच्या बरोबरीनं वाढलं जायचं, अंबाडीच्या भाजीवर करडईचं तेल तिच्याइतकंच माझ्याही ताटात पडायचं. मावशी रोज एकदा विचारायची, "जेवलीस का?" मी म्हणायची, "जेवले." बास. कमलचं लक्ष शाळेत नव्हतं आणि माझ्यातही फारसं नव्हतं. तिला रंगीत दोऱ्यांनी उशांवर पोपट काढायला आवडायचं, आणि ते ती फार सुंदर काढायची. आम्ही शेजारी शेजारी चालत शाळेत जायचो, शेजारी शेजारी चालत परत यायचो.

शाळेत मराठीला द्वारकाबाई होत्या. जिनिंगमधल्या फिटरची ही बायको, वऱ्हाडातून आलेली, उंच, काळीसावळी, डाव्या भुवईवर भाजल्याचा डाग. दर शनिवारी निबंध. सोमवारी वह्या द्यायच्या, गुरुवारी त्या तपासून परत यायच्या. पहिल्याच महिन्यात माझी वही लाल होऊन आली. 'लय' खाली रेघ, 'आमी' खाली रेघ, 'पाणी शेंदायलाय' याच्याखाली तर दोन रेघा. मी घाबरले. रेघा पडल्या तर बाई घरी सांगतील, घरी सांगितलं तर मला वालूरला धाडतील, असा माझा हिशेब. मग मी क्रमिक पुस्तकातली वाक्यं पाठ करून तशीच लिहायला लागले. 'सूर्योदय झाला की पक्षी मंजुळ किलबिलाट करू लागतात.' 'आईचे प्रेम सागरासारखे अथांग असते.' सागर मी पाहिला नव्हता. लाल रेघा मात्र बंद झाल्या.

कमलला निबंध जमायचाच नाही. एका रविवारी दुपारी ती वही घेऊन घराच्या गच्चीवर, माळवदावर, आली आणि माझ्यासमोर टाकून म्हणाली, "मला काही सुचत न्हाई. तू सांग, मी लिहिते." विषय होता 'माझी आवडती जागा'. मी सांगायला लागले. आमच्या मळ्यातल्या विहिरीची धाव, मोट ओढायला बैल जिथं खालीवर करतात ती उतरती वाट. मी काय काय सांगितलं ते आज आठवत नाही, पण दोन वाक्यं पक्की आठवतात. 'बैल मागं मागं सरत येतात तेव्हा त्यांना वाट दिसत नाही, म्हणून दादा त्यांच्याशी बोलत राहतात. दादा घरी कोणाशी एवढं बोलत नाहीत.' कमलनं उतरवून घेतलं, 'दादा' पुसून तिथं 'गडी' केलं, आणि पळाली. मी तिथंच बसून राहिले. महिन्याभरात मी एवढं बोलले नव्हते. घसा कोरडा पडला होता.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी असंच. माझ्या वहीत मी सूर्योदय आणि मंजुळ पक्षी लिहायची आणि कमलच्या वहीत मी बोलायची. तिथं मला भीती नव्हती, कारण ती मी नव्हतेच. लाल रेघ पडली तर कमलला पडणार होती आणि कमलला तिचं काही वाटत नव्हतं. पण रेघा पडेनात. तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी बाईंनी कमलचा निबंध वर्गात मोठ्यानं वाचला. वाचून झाल्यावर वही थोडा वेळ हातात तशीच धरून ठेवली. मग माझी वही दिली. खाली लिहिलं होतं, 'शुद्ध आहे. पण गोदा कुठं आहे?'

पुढं मी स्वतः मराठीची शिक्षिका झाले आणि निवृत्त होईपर्यंत वह्यांचे गठ्ठे घरी आणत राहिले. आम्हाला तपासायची पद्धत शिकवली होती. मुद्द्यांना इतके गुण, शुद्धलेखनाला इतके, भाषाशैलीला इतके. त्या रकान्यांमध्ये आवाजाला जागा नव्हती. मुलगी वहीत आहे की नाही, हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला कोणी सांगितलं नाही. पण गठ्ठा सोडला की पहिल्या चार ओळींत ते कळायचंच. तेव्हा मला बाईंचं ते वाक्य वाचताना काय झालं होतं ते आठवायचं. मला राग आला होता. वर्गात टाळ्या नव्हत्या वाजल्या, पण सगळ्या मुली कमलकडं वळून बघत होत्या, आणि कमल खाली मान घालून परकराचा सुटलेला दोरा ओढत होती. माझं बोलणं ऐकून लोक तिच्याकडं बघत होते. ते माझं आहे हे मला कोणालाच सांगता येत नव्हतं, वालूरला मायलासुद्धा नाही.

दिवाळीनंतरची गोष्ट असेल. दुपारच्या सुट्टीत बाईंनी मला थांबवून घेतलं. मुली बाहेर पेरूच्या टोपलीभोवती जमल्या होत्या. बाईंनी ओसरीवर माझ्यासमोर दोन वह्या ठेवल्या, एक कमलची, एक माझी.

"कमल वालूरला किती वेळा गेली आहे?" त्यांनी विचारलं.

"एकदा. लहान होती तवा."

"मोटेचे बैल मागं सरताना घाबरतात, हे तिनं त्या एका वेळी पाहिलं?"

मी बाहेर पेरूच्या टोपलीकडं बघितलं.

"ते सोड," बाई म्हणाल्या. "तेवढं कोणी सांगितलं असेल. शब्द कोणाचेही उचलता येतात. पण हे बघ." त्यांनी कमलच्या वहीतली दोन-तीन पानं उलटली. "हिची म्हैस मेली, त्यावर निबंध आहे. दुसऱ्या मुली असत्या तर 'अरेरे' लिहिलं असतं, 'डोळ्यांत अश्रू आले' लिहिलं असतं. ही लिहिते, 'दाव्याला गाठ तशीच होती.' आणि थांबते. रडू यायच्या जरा आधी थांबते. प्रत्येक निबंधात." मग त्यांनी माझी वही उघडली. सगळा सूर्योदय आणि सागर. एका पानावर बोट ठेवलं. मायवरचा निबंध होता. खाली शेवटची ओळ मी पुस्तकातून घेतली नव्हती, ती कशी आली कोण जाणे. 'आई गाडीमागे ओढ्यापर्यंत आली.' तिथंच संपलं होतं.

"ही पण तिथंच थांबते," बाई म्हणाल्या.

बाहेर मुलींचा गलका चालला होता. मला वाटलं, आता हो म्हणावं. एक 'हो' म्हणायचं आणि ते सगळं माझं होणार, धाव, बैल, म्हैस. आणि मग मावसा कमलचं नाव शाळेतून काढतील, आणि मी त्याच ओढ्यावरून परत.

"बाई, ते कमलचंच हाय," मी म्हणाले.

बाईंनी दोन्ही वह्या मिटल्या. "बरं. मी गुण द्यायला विचारलं नाही, गोदा. घरी मी पण अशी बोलत नाही, वर्गात बोलते तशी. माझ्या घरी येऊन ऐकशील तर हसशील. मला वाटलं, तुझ्या बोलीवर रेघा मारल्या त्या मी, तेव्हा तू कुठं गेलीस ते मीच शोधायला पाहिजे." आणि म्हणाल्या, "जा. पेरू संपतील."

त्या दिवशी घरी जाताना मी कमलला सांगितलं. ती घाबरली. "आता लिहू नगंस माझं," म्हणाली. "आबांना कळलं तर शाळा बंद करतेल." मी म्हणाले, मग तू काय लिहिशील? ती म्हणाली, "लिहीन काहीबी. चार ओळी." आणि खरंच पुढच्या शनिवारपासून ती चार ओळी लिहायला लागली. बाईंनी तिला काही विचारलं नाही. माझ्या रविवारच्या दुपारी मात्र रिकाम्या झाल्या. मी माळवदावर जाऊन बसायची. खाली मावशी तुरीची डाळ पाखडत असायची, सुपाचा आवाज यायचा. बाकी काही नाही. त्या महिन्याभरातलं एकटेपण मी पुढं कधी अनुभवलं नाही, माझे मालक वारल्यानंतरसुद्धा नाही. तेव्हा निदान आपल्याला काय झालंय ते दुसऱ्याला सांगण्याइतके शब्द माझ्याजवळ होते.

मग एक दिवस बाईंनी निबंध घरून लिहून आणायला न सांगता वर्गातच लिहायला लावला. फळ्यावर विषय लिहिला, 'मी राहते ते घर'. मी सवयीनं वालूरचं घर लिहायला घेतलं आणि थांबले. मी वालूरला राहत नव्हते. आणि मग मी लिहिलं. लिहिताना लाल रेघेचा विचार केला नाही, मावशीचाही केला नाही. हे दुसरं मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही. 'या घरात चार माणसं आहेत. भाकरी थापल्याचा आवाज होतो, सुपाचा होतो, भोंग्याचा होतो. मावशी मला रोज विचारते, जेवलीस का. मी जेवले म्हणते. एक दिवस मी जेवले नव्हते, तरी जेवले म्हणाले. कोणाला कळलं नाही.' एवढंच नव्हतं, दीड पान होतं, पण शेवट तो होता.

गुरुवारी वही परत आली. एकही रेघ नव्हती, आणि गुणही नव्हते. खाली एकच शब्द, 'ऐकलं.' मी तो शब्द कितीदा वाचला असेल. वही उशाशी घेऊन पडले होते, तिथंच झोप लागली, आणि उठले तेव्हा वही उशाशी नव्हती. स्वयंपाकघरातून कमलचा आवाज येत होता. ती चुलीपुढं बसून माझा निबंध मावशीला वाचून दाखवत होती. मावशीला वाचता येत नव्हतं. कमल अडखळत वाचत होती, रागानं वाचत होती. तिच्या घराबद्दल लिहिलं होतं, तिला राग येणारच. मी दारात उभी राहिले. मावशीचे हात पिठात होते. शेवटचं वाक्य झालं तरी ती हलली नाही. तव्यावरची भाकर उलटायची राहिली, धूर झाला, तेव्हा कमलनंच ती चिमट्यानं ओढून काढली.

दोन दिवस मावशी माझ्याशी एक शब्द बोलली नाही. आधीही बोलत नव्हती, पण ते न बोलणं वेगळं होतं. आता मला वाढून ती समोर बसायची, आणि माझा शेवटचा घास होईपर्यंत उठायची नाही. जिनं मला घरात घेतलं तिचं घर मी चव्हाट्यावर मांडलं होतं, असं मला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी मी माझे परकर गाठोड्यात बांधून ठेवले.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं हाक मारली. "गोदे, दौत-टाक घे. तुझ्या मायला पत्र लिवायचं हाय."

मला कळून चुकलं, पोरीला घेऊन जा असंच ते पत्र असणार. मी कागद घेऊन तिच्यापुढं बसले. ती शेंगा फोडत होती. ती काही सांगायच्या आत मी लिहायला सुरुवात केली, मावसांची पत्रं मी पाहिली होती. लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवलं. 'तीर्थरूप सौभाग्यवती अक्का हिचे चरणी काशीचा शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.'

"हे कोण बोलायलंय?" मावशीनं विचारलं.

"तू. पत्र असंच असतंय."

"मी अक्काला जलमात असं बोलले न्हाई. खोड ते."

मी खोडलं. मग ती सांगायला लागली आणि मी लिहीत गेले. मधे मधे ती म्हणायची, "वाच." मी वाचायची. मी सवयीनं 'नाही' लिहिलं होतं. ती म्हणायची, "न्हाई." मी 'खूप' लिहिलं होतं, ती म्हणायची, "लय." तीन वेळा कागद बदलला. अक्षर न ओळखणारी माझी मावशी, एकेक वाक्य कानानं तपासत होती, आणि जिथं ती स्वतः नव्हती तिथं तिला बरोबर कळत होतं. शेवटी जे राहिलं ते असं होतं:

'अक्का, मी काशी बोलायलीय. गोदी इथं बरी हाय असं मी तुला कळवीत होते. ती बरी न्हाई. एक दिस ती उपाशी निजली अन् मला कळलं न्हाई. माझ्या घरात. मला या घरात येऊन चौदा वर्सं झाली. मला कोणी इचारलं न्हाई, काशे जेवलीस का. म्हून मलाबी इचारून ऐकून घ्यायची सवं राह्यली न्हाई. पोरीला नेऊ नगंस. ती लिवते ते खरं हाय. तू ये. लय दिस झाले.'

"काशी असं नाव लिव खाली," मावशी म्हणाली, आणि शेंगांची टरफलं सुपात भरून उठून गेली. मी कागदावरची शाई वाळेपर्यंत तिथंच बसले होते. गाठोडं मी सोडलं, पण तिच्या देखत सोडायची मला लाज वाटली.

पुढं काय काय झालं ते या प्रकरणात मावणार नाही. त्यानंतरच्या दोन वर्षांत दिवस बिघडले, रझाकारांच्या भीतीनं लोक घरं सोडून सरहद्दीपलीकडं जायला लागले, शाळा बंद पडली. द्वारकाबाई एका सकाळी नवऱ्याबरोबर वऱ्हाडात गेल्या आणि मला त्यांचा पत्ता कधीच मिळाला नाही. त्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही की कमलचे निबंध माझे होते. त्यांना ठाऊक होतं हे खरं, पण मी सांगायला हवं होतं.

पत्र गेल्यावर आठव्या-नवव्या दिवशी माय आली. दादांनी बैलगाडीनं आणून सोडली आणि ते बाजारात गेले. पत्र तिला गावातल्या गुरुजींनी वाचून दाखवलं होतं. गुरुजी म्हणे पहिलीच ओळ वाचून अडले, हे असलं पत्र कोणी लिहिलंय म्हणाले, आणि माय म्हणाली, "वाचा तुमी. माझी भैन बोलायलीय." मायनं मला जवळ घेतलं, हाडं चाचपून पाहिली, आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. आतून पहिल्यांदा काहीच ऐकू येईना. मग मावशीचा आवाज आला, हळू, मग जरा मोठा, मग थांबेचना. लहानपणीच्या एका शेळीबद्दल काहीतरी होतं, त्यांच्या आईच्या आजारपणाबद्दल होतं, मग कोणीतरी रडलं, मग दोघी हसल्या. मी आणि कमल बाहेर ओट्यावर बसून ऐकत होतो. निबंध वाचून दाखवल्यापासून कमल माझ्याशी बोलली नव्हती. बराच वेळ झाला, चूल पेटायची वेळ टळून गेली, तरी आत बोलणं चालूच होतं.

"माझ्या मायला एवढं बोलता येतंय," कमल म्हणाली, "मला ठावंच नव्हतं." आणि ती माझ्याकडं सरकून बसली.